पाटीवरचा विठ्ठल, खाणीवरची महाकाली

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. गाडी यार्डातून बाहेर पडते न पडते तोच डब्यातला ध्वनिमुद्रित आवाज सांगतो, ‘पुढील स्टेशन, विठ्ठलवाडी’. मग तेच हिंदीत, तेच इंग्रजीत. दारात लटकलेला माणूस पिशवी सावरतो, खिडकीपाशी बसलेली बाई उठून उभी राहते. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत हे नाव असे उच्चारले जाते, तिकीट खिडकीवर मागितले जाते, रिक्षावाल्याला ओरडून सांगितले जाते, एसटीच्या डेपोला लावले जाते. ज्या महाराष्ट्रात विठ्ठलाचे नाव घेणे हीच एक पूर्ण साधना मानली गेली, त्या महाराष्ट्रात एक प्रश्न सरळ विचारायला हवा. हा नामोच्चार आहे की नाही? देवाचे नाव ठिकाणाला दिले की त्या ठिकाणाला काही प्राप्त होते का, आणि ते नाव रोज वापरणाऱ्याला काही लागू होते का?

हा प्रश्न मी उकरून काढलेला नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधात तो शास्त्रार्थ म्हणूनच आला आहे. अजामिळाने मरतेवेळी ‘नारायण’ अशी हाक मारली ती देवाला नव्हे, धाकट्या मुलाला. यमदूत आणि विष्णुदूत यांच्यात वाद झाला तो याच मुद्द्यावर, की हा उच्चार मोजायचा की नाही. विष्णुदूतांनी तो मोजला आणि त्या प्रकाराला नावही दिले, ‘सांकेत्य’. म्हणजे देवाचे नाव दुसऱ्याच कुणाचा वा कशाचा संकेत म्हणून घेणे. थट्टेत, गाण्याच्या ओघात किंवा हेटाळणीने घेतलेले नावही त्यांनी त्याच पंक्तीला बसवले. या हिशेबाने विठ्ठलवाडी हे अगदी शुद्ध सांकेत्य नाम आहे. तिकीट काढणाऱ्याच्या मनात पंढरी नसते, 5.40 ची गाडी असते.

कीर्तनात ही कथा इथेच संपते आणि ऐकणारा सुखावून घरी जातो. ग्रंथात ती संपत नाही. यमदूत परत गेल्यावर अजामिळ भानावर येतो, आपण काय काय केले ते आठवून त्याला पश्चात्ताप होतो, घरदार सोडून तो गंगाद्वारी जातो, तिथे साधना करतो आणि त्यानंतर देह ठेवतो. नावाने त्याचा हिशेब मिटवला नाही, त्याला हिशेब करायला वेळ दिला. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा आहे. ठिकाणाला दिलेले देवाचे नाव त्या ठिकाणाला आपोआप पवित्र करत नाही आणि ते नुसती चिठ्ठीही नसते. नाव हे एक देणे आहे. ज्यांनी ते दिले, जे ते वापरतात आणि ज्यांचे त्या ठिकाणावर पोट चालते, त्या सगळ्यांवर ते देणे चढलेले असते.

याला पहिला विरोध आपल्याच दर्शनांतून होतो, आणि तो हलका नाही. नैयायिक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचा संबंध सामयिक आहे, म्हणजे ठरवल्याने झालेला. अमक्याला अमके म्हणायचे असे लोकांनी ठरवले, संपले. बौद्धांची भूमिका याहून कडक. मिलिंद राजाने नाव विचारले तेव्हा नागसेनाने सांगितले की नागसेन ही केवळ व्यवहाराची संज्ञा, तिच्यामागे शोधून सापडेल असा कोणी नाही. जसा चाक, आस, दांडी सुटी केली तर रथ सापडत नाही. रेल्वे या बाबतीत नागसेनाच्या बाजूची वाटते. तिच्या कारभारात विठ्ठलवाडी म्हणजे ‘व्हीएलडीआय’ आणि चंद्रपूर जिल्ह्यातले बल्लारशाह म्हणजे ‘बीपीक्यू’. या शेवटच्या अक्षराचा गावाच्या नावाशी कानाला कळेल असा संबंध नाही, तरी आरक्षण होते, मालगाडी पोहोचते, काही अडत नाही. मग नावात असते काय? जैमिनीचे मीमांसक मात्र उलट टोकाला उभे आहेत. त्यांच्या मते शब्द आणि अर्थ यांचा संबंध औत्पत्तिक, कुणी ठरवून न जोडलेला आहे. पण स्टेशनची पाटी रंगवणाऱ्याच्या हातून औत्पत्तिक संबंध निर्माण होतो असे कुणी मीमांसकही म्हणणार नाही. त्यांचे म्हणणे वर्गवाचक शब्दांपुरते होते, माणसांनी ठेवलेल्या विशेषनामांपुरते नाही. तेव्हा एवढे मान्य करायला हवे की जन्माच्या वेळी ठिकाणाचे नाव हा संकेतच असतो. माझा मुद्दा त्यानंतरचा आहे. संकेत एकदा झाला की त्याचे पुढे काय होते?

ते पाहायला विठ्ठलवाडीहून थेट विदर्भात, कोळशाच्या रेल्वेवर जावे लागते. कारण देवाचे नाव, राजाचे नाव, गावाचे नाव आणि निव्वळ उपयोग यांची इतकी ओढाताण महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचित दिसते. कल्याणपर्यंत गाडी आली 1854 साली आणि दोन वर्षांनी ती खोपोलीच्या दिशेने, आजच्या विठ्ठलवाडीवरून पुढे गेली. इंजिनांना कोळसा लागे आणि सुरुवातीला तो जहाजाने विलायतेहून येई. देशात कोळसा शोधण्याची निकड त्यातून वाढली. चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला 1871 च्या सुमारास सरकारी खाण सुरू झाली आणि त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. नावात देव नाही, राजा नाही, फक्त नदीचे खोरे आणि खालचा माल. वरोऱ्याची खाण 1906 साली बंद झाली. काम पुढे बल्लारपूरकडे सरकले, मागोमाग रूळही सरकले आणि 1929 साली काझीपेठेचा दुवा पुरा झाल्यावर तीच कोळशाची शाखा दिल्ली ते मद्रास या हमरस्त्याचा भाग झाली. ज्या मालासाठी मार्गाचे नाव पडले तो माल वरोऱ्यातून संपला, तसे मार्गाचे ते नावही संपले. आज ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ म्हटले तर वर्ध्याच्या फलाटावर कुणी मान वर करणार नाही. केवळ उपयोगावरून ठेवलेले नाव उपयोगाबरोबर मरते. नैयायिकांचा संकेत इथे अगदी तंतोतंत लागू पडतो.

पण त्याच मार्गावरची बाकीची नावे पाहा. गाव बल्लारपूर, स्टेशन मात्र बल्लारशाह. गोंड राजांच्या बल्लाळशाह या नावाची झीज होऊन ते आज पाटीवर उभे आहे. गोंडांचे राज्य गेले, भोसले आले, इंग्रज आले आणि गेले, तरी या मार्गाने दक्षिणेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना त्या नावापाशी थांबावे लागते. जिल्ह्याचे नाव चांद्याचे चंद्रपूर झाले त्यालाही साठएक वर्षे झाली, तरी गोंदियाच्या मार्गावरचे स्टेशन अजून ‘चांदा फोर्ट’ आहे. आणि आख्खा महाराष्ट्र म्हणायचे तर आपण आजही ‘चांदा ते बांदा’ म्हणतो. सरकारी कागदावरून उतरलेले नाव म्हणीत जाऊन बसले, आणि तिथून त्याला हलवणे कुठल्याही अधिसूचनेला जमणारे नाही. ही नावे टिकली ती कोळशाला सोयीची म्हणून नव्हे. ती कुणाची तरी आठवण सांभाळतात म्हणून टिकली. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात शब्दाचे मोठेपण सांगताना हेच काम पुढे केले आहे, आठवण करून देण्याचे. पुढे त्यांनी शब्दाचे खंडनही केले, कारण आत्म्याला स्वतःची आठवण करून द्यावी लागत नाही. पण गावाला, नदीला, खाणीत उतरणाऱ्या माणसाला ती करून द्यावी लागते. ब्रह्माच्या बाबतीत शब्द निरुपयोगी ठरला तरी चंद्रपूरच्या बाबतीत तो निरुपयोगी ठरत नाही.

चंद्रपूरचे दैवत महाकाली. तिचे देऊळ गोंड राणी हिराईने बांधले असे मानले जाते. चैत्रात यात्रा भरते तेव्हा मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, लोक येतात, झरपट नदीत उतरतात आणि ओल्या अंगाने देवीपुढे उभे राहतात. त्याच महाकालीच्या नावाची कोळसा खाण त्याच शहरात आहे, ‘महाकाली कॉलरी’, आणि तिच्या नावाची वस्तीही. आसपासच्या पट्ट्यात दुर्गापूर आहे, पद्मापूर आहे. खाणींचे राष्ट्रीयीकरण 1973 साली झाले, 1975 साली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वृत्तपत्रांच्या भाषेतली वेकोलि, स्थापन झाली. मालक बदलले, नाव राहिले. काळ्या देवीचे नाव काळ्या दगडाच्या खाणीला शोभते असे कुणाला वाटेल. कुणाला उलट वाटेल की जिथे जमीन पोखरली जाते तिथे आईचे नाव लावणे हा अपराधच. दोन्ही प्रतिक्रिया नावाला सजावट समजतात. परंपरेने या जागी जो विचार केला आहे तो जास्त कठोर आहे. पद्मपुराणात नामाविषयीचे दहा अपराध सांगितले आहेत आणि त्यांतला एक असा, की नामाच्या बळावर पाप करणे. नाव आहे ना पाठीशी, मग काही केले तरी चालेल, ही बुद्धी. खाणीला महाकालीचे नाव देणे हा अपराध नाही. तिचे नाव कपाळावर लावून तिचीच नदी काळी होऊ देणे हा नामापराध आहे. भागवताने सांकेत्य नामाला जी मुभा दिली तिला हे कुंपण आहे. ही दोन्ही वचने एकत्र वाचली नाहीत तर नामाचा सिद्धान्त निम्माच वाचला जातो, आणि आपण तो बहुतेक वेळा निम्माच वाचतो.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो भक्तांकडून येतो. नाम आणि नामी वेगळे नाहीत असे वारकरी मानतात. मग नाव आले तिथे देव आलाच. वर हे ‘देणे’ कशाला? याला मी पंढरपूरच्याच नावाने उत्तर देईन. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये या क्षेत्राचा आणि देवाचा मागोवा घेतला तेव्हा नावांचे थर एकाखाली एक निघत गेले. पंढरगे हे जुने कानडी वळणाचे नाव त्यांतलेच एक. विठ्ठल या नावाची व्युत्पत्तीही एक नाही, विद्वान तिच्यावर अजून भांडतात. नाव आणि नामी एकच असतील तर मग कोणते नाव? वारकऱ्यांनी हा प्रश्न व्याकरणाने सोडवला नाही, पायांनी सोडवला. आषाढी-कार्तिकीला चालत जाणाऱ्यांनी त्या नावाला देव जोडून ठेवला. नाम-नामी एकच, पण ती एकता दर वर्षी चालून मिळवलेली असते. महाराष्ट्रात विठ्ठलवाड्या कितीतरी आहेत, पुण्याला मुठेच्या काठी एक प्रसिद्ध आहे. प्रत्येक वाडीने पंढरीचा एक वाटा मागून घेतला आहे. वाटा घेतला की वारसाची कर्तव्येही येतात, हे जमिनीच्या बाबतीत सगळ्यांना कळते. नावाच्या बाबतीत ते कळायला काय हरकत आहे?

नाव वर्तमानाचे वर्णन करत नाही, पुढच्या काळाला बांधून घेते, याचे दोन पुरावे योगायोगाने या दोन्ही मार्गांवर आहेत. विठ्ठलवाडीनंतरचे स्टेशन उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत ठेवले गेले, आणि 1949 साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराचा पाया घालताना नाव ठेवले उल्हासनगर. नाव नदीवरून आले हे खरे. पण ज्यांच्याजवळ एका ट्रंकेपलीकडे काही उरले नव्हते त्यांच्या वस्तीला उल्हास म्हणताना ते वर्णन खासच नव्हते. त्याच 1949 साली तिकडे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि खडकाळ, विंचूकाट्याच्या जमिनीला आनंदवन म्हटले. काशीचे जुने नाव त्यांनी समाजाने टाकून दिलेल्या माणसांच्या वसाहतीला दिले. आनंद तिथे नव्हता. तो आणायचा होता, आणि हातापायांची बोटे झडलेल्या लोकांनी तो विहिरी खणून, शेती करून आणला. कोळसा संपल्यावर पुसट होऊ शकले असते ते वरोऱ्याचे नाव आज मराठी माणसाला माहीत आहे ते आनंदवनामुळे. उल्हासनगरनेही आपले नाव बरेचसे खरे केले, यंत्रांच्या घरघरीत आणि दुकानांच्या गजबजीत. तरी लोक अजून बोलताना ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ म्हणतात. मला यात विसंगती दिसत नाही. कुठून निघालो हे कॅम्प सांगते, कुठे जायचे हे उल्हास.

नाव हे देणे असेल तर सत्तेला सोपे झाले, तिने हवे ते नाव द्यावे आणि लोकांना बांधावे, असा तिसरा आक्षेप घेता येईल. तो कल्याणच्या इतिहासानेच परतवला आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दाते म्हणून ज्यांची नावे कोरली आहेत त्यांतले काही कल्याणचे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेतही हे बंदर कॅलिएना म्हणून येते. मुसलमानी अमलात त्याला इस्लामाबाद हे नाव दिले गेले. ते कागदांत राहिले, लोकांच्या तोंडी बसले नाही. नाव वरून देता येते, देणे मात्र वरून लादता येत नाही, ते खालून स्वीकारावे लागते. हाच निकष आजच्या नामांतरांनाही लावावा, मग ती आपल्या आवडीची असोत वा नसोत. नवे नाव आल्यावर त्या जागी कोण काय करू लागले, एवढेच विचारावे.

आणि म्हणून शेवटी वालधुनीकडे यावे लागते. ही नदी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरापासून, शके 982 च्या त्या देवळाच्या पायथ्यावरून, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीच्या बाजूने कल्याणकडे येते आणि उल्हासला मिळते. शंकराच्या दारातून निघून विठ्ठलाच्या वाडीवरून जाणारी नदी. तिच्यात कारखान्यांची रसायने सोडली गेली, शहरांचे सांडपाणी सोडले गेले. 2014 साली उल्हासनगरात तिच्यात ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो लोकांना श्वास घेणे अवघड झाले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली. महाकालीचे चंद्रपूर तिच्यात होते आणि विठ्ठलवाडीच्या शेजारची डोंबिवलीही होती. झरपट आणि वालधुनी या दोन नद्यांमध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पसरला आहे, दुखणे मात्र एक आहे. आणि या दुखण्यात नावाचा भाग किती मोठा आहे ते वालधुनीच्या बाबतीत कानांनी ऐकता येते. लोक तिला नदी म्हणत नाहीत, ‘वालधुनी नाला’ म्हणतात. आधी नाव खाली उतरले की त्यानंतर टँकर रिकामा करणाऱ्याचा हात अडखळत नाही. नाल्यात घाण सोडायची नाही तर कुठे सोडायची? नागसेनाच्या रथासारखी इथे एकेक गोष्ट सुटी होत गेली, मासे गेले, पाणी गेले, घाट गेले, आणि नदी ही संज्ञा उरायला आधार राहिला नाही. पण उलट दिशेनेही जाता येते, हे आनंदवनाने दाखवले आहे. तिथे नाव आधी आले, झाडे नंतर.

विठ्ठलवाडीला उतरणाऱ्या माणसाला मी भक्त व्हायला सांगत नाही. त्याने रोज घेतलेले नाव सांकेत्यच राहू दे, भागवताने तेवढे पुरेसे मानले आहे. पण अजामिळाला मिळाला तसा वेळ आपल्यालाही मिळालेला आहे, तो वापरावा. सुरुवात एका शब्दापासून करता येईल. नगरपालिकेच्या अर्जात, शाळेच्या निबंधात, पुलावरून जाताना मुलाला दाखवताना, वालधुनीला नाला म्हणू नका. तिला नदी म्हणा, आणि मग ती नदी का दिसत नाही हे विचारा.